रुपयामागे एक आणा



इतिहासावर बोलण्यासाठी या व्यासपीठावर बहुधा प्राध्यापक मंडळी येतात. मी कामगार चळवळीतला एक साधा कार्यकर्ता आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटावर, वर्तमानपत्रांवर आणि हजारो पगारपत्रकांवर. तेव्हा पंडिती विवेचनाची अपेक्षा आपण करू नये. परंतु पगारपत्रक वाचता वाचता एक सवय लागते. आकडा दिसला की त्यामागची चूल डोळ्यांपुढे येते. त्या चुलीच्या इतिहासाबद्दल मी आज बोलणार आहे. विषय आहे मुंबईच्या गिरणगावातील संसारांचा जमाखर्च. अपुऱ्या मिळकतीत आणि सरकारच्या तुटपुंज्या आधारावर ही घरे चालली कशी, आणि ती चालवण्याची किंमत कोणी मोजली?

एक योगायोग प्रथम सांगतो. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्याच साली मुंबई सरकारने गिरण्यांतील कामाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी पहिले मंडळ नेमले. म्हणजे शहाण्या माणसांनी जाहीरपणे विचार करण्याची प्रथा आणि कामगारांच्या स्थितीची सरकारी चौकशी या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच वर्षी जन्माला आल्या. पहिलीला यश लवकर आले. दुसरीला किती वेळ लागला, ते आता पाहू.

मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये केली, आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती चालू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत धुराड्यांचे रान माजले. माणसे आली रत्नागिरीहून, साताऱ्याहून, नगरहून, पुणे जिल्ह्याच्या माळरानांतून. ती मुंबईत आली म्हणून गाव सुटले असे मात्र झाले नाही. पुष्कळांची बायको, आईबाप आणि जमिनीचा तुकडा गावीच राहिला. चाळीच्या खोलीत पुरुषांचा गाळा, आणि महिन्याकाठी घरी मनिऑर्डर.

शिकलेसवरलेले लोक म्हणत की गिरणी कामगार अजून शेतकरीच आहे, त्याला शहराची शिस्त लागत नाही, मन लागले नाही की तो गावाकडे पळतो. वस्तुतः गाव हाच त्याचा विमा होता. आजारी पडला तर गावी, हात यंत्रात सापडून निकामी झाला तर गावी, बाळंतपणाला बायको गावी, म्हातारपणी गावी. त्याचे दवाखाने, पेन्शन आणि बेकारी भत्ता हे सारे कोकणातल्या किंवा घाटावरच्या एखाद्या मातीच्या घरात होते. मालकाने मजुरी ठरवताना हे सारे खर्च हिशेबात धरले नाहीत. ते गावाने सोसले, आणि गाव म्हणजे तिथे राहिलेली बाई. तिने भात लावला, नाचणी पिकवली, सासूसासरे सांभाळले, आणि वेळप्रसंगी खोकत आलेला नवराही सांभाळला.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांची सभा भरली आणि मागण्यांचे एक निवेदन तयार झाले. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे, कारण ती १८९० साली पदरात पडली. पण उरलेल्या मागण्यांतील दोन मला अधिक महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. दुसरी अशी की, कामावर जबर दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत पगार मिळावा, आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी.

पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा, अशी मागणी करावी लागते, याचा अर्थ काय? एक तारखेला कामावर लागलेल्या माणसाला पहिला पैसा दिसायला दीड महिना लागे. तोवर खायचे काय? उत्तर एकच, उधारी. म्हणजे कामगार गिरणीच्या दारातून आत पाऊल टाकतो तेव्हाच कर्जदार होतो. दारूचे, जुगाराचे किंवा लग्नातल्या उधळपट्टीचे कारण नंतरचे. त्याचे पहिले कर्ज हे त्याने मालकाला दिलेले बिनव्याजी कर्ज असते, आणि ते देण्यासाठी तो स्वतः व्याजाने पैसे काढतो.

आता या मागण्या मान्य केव्हा झाल्या ते पाहा. अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १९२४ च्या जुलैपासून अमलात आला. म्हणजे सभेनंतर चाळीस वर्षांनी. पगार ठरलेल्या मुदतीत देण्याचा कायदा १९३६ साली झाला. हजाराहून कमी कामगार असतील तिथे सात दिवसांत, अधिक असतील तिथे दहा दिवसांत पगार द्यावा, असे त्याने ठरवून दिले. ही बावन्न वर्षांची प्रतीक्षा. इतिहासाच्या पुस्तकात मागणीचे साल असते आणि कायद्याचे साल असते. मधल्या चाळीस-बावन्न वर्षांत संसार कोणी चालवला, त्याची नोंद नसते. माझा आजचा विषय म्हणजे ही मधली वर्षे.

सुदैवाने एक दस्तऐवज आपल्यापाशी आहे. १९२१ साली मुंबई सरकारने कामगार कचेरी स्थापन केली. त्या कचेरीचे संचालक फिंडले शिरास यांनी मुंबईच्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा करून १९२३ साली त्यांचा अहवाल छापला. सुमारे अडीच हजार कुटुंबांची माहिती त्यात आहे. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपये आणि काही आणे. खर्चात शंभरातले जवळजवळ ५७ रुपये अन्नावर. ९७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहणारी. सत्तेचाळीस टक्के कुटुंबे कर्जात, आणि ते कर्ज अडीच महिन्यांच्या कमाईइतके. व्याजाचा नेहमीचा दर दरमहा रुपयामागे एक आणा, म्हणजे सालाला ७५ टक्के.

याच अहवालातील एक निष्कर्ष पुढे वारंवार सांगितला गेला. कामगार कुटुंबाचे धान्य दुष्काळ संहितेत ठरवलेल्या प्रमाणाइतके होते खरे, पण मुंबई तुरुंग नियमावलीने कैद्यासाठी सांगितलेल्या प्रमाणाहून ते कमी होते. हे कोण्या चळवळ्याने म्हटलेले नाही, सरकारच्या अधिकाऱ्याने सरकारी खर्चाने छापलेले आहे. यावर माझ्यासारख्याने आणखी काय बोलावे?

त्यापेक्षा आपण थोडे अंकगणित करू. ५२ रुपयांच्या हिशेबाने अडीच महिन्यांची कमाई म्हणजे १३० रुपये. त्यावर रुपयामागे एक आणा म्हणजे महिन्याला १३० आणे, अर्थात आठ रुपये दोन आणे. त्याच अहवालाप्रमाणे खोलीभाड्याचा वाटा खर्चाच्या आठ टक्क्यांहून थोडा कमी, म्हणजे सुमारे चार रुपये. तेव्हा कर्जात असलेले घर भाड्याच्या दुप्पट रक्कम नुसत्या व्याजापोटी देत होते. डोक्यावरच्या छपरापेक्षा डोक्यावरचे कर्ज महाग होते! हा हिशेब ढोबळ आहे हे मान्य. पण पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर काठी घेऊन पठाण का उभा राहत असे, हे समजायला तो पुरेसा आहे. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगानेही हेच म्हटले की, बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोनतृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात असावीत. त्या आयोगावर आपले ना. म. जोशी हे सभासद होते.

मग ही घरे टिकली कशी? माझ्या समजुतीप्रमाणे चार टेकूंवर. गाव हा पहिला टेकू, तो सांगून झाला. दुसरा वाण्याची वही. वाणी महिनाभर धान्य, तेल, मीठ उधार देई आणि पगाराला वसूल करी. तो संपाच्या काळातही काही दिवस चुली चालू ठेवी, हे विसरून चालणार नाही. १९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला, त्याच वेळी गिरणी कामगार युनियनचा जन्म झाला. एवढा काळ लोक तग धरू शकले ते निधीतून वाटलेल्या धान्यावर, वाण्याच्या उधारीवर आणि गावाकडच्या भातावर. पण वहीतले धान्य रोखीच्या धान्याहून महाग पडते, आणि उधारीच्या गिऱ्हाइकाला दुकान बदलता येत नाही, दाण्यातले खडेही दाखवता येत नाहीत.

तिसरा टेकू आपसातल्या मदतीचा. एका गावच्या माणसांनी मिळून खोली घ्यायची, पाळ्यांप्रमाणे झोपायचे, आजाऱ्याचे भाडे इतरांनी भरायचे, कोणी मेला तर वर्गणी काढून त्याच्या घरी पैसे पाठवायचे. गोव्याहून मुंबईत आलेल्या खलाशांचे आणि आचाऱ्यांचे 'कूड' याच धर्तीचे होते. प्रत्येक गावाची एक जागा, आणि बेकारीच्या दिवसांत तिथे नाममात्र पैशांत आसरा. बायकांची भिशी याच जातीची. दहाजणींनी दरमहा ठरावीक रक्कम टाकायची आणि चिठ्ठी निघेल तिने ती उचलायची. तिला ना व्याज, ना कागद. या मदतीचे मोल मोठे आहे, पण तिची मर्यादाही पाहिली पाहिजे. गिरणी बंद पडते तेव्हा दहाही जणींच्या घरचा पगार एकाच दिवशी थांबतो. गरिबांनी गरिबांना धरून ठेवायचे, ते सारे एकदम घसरेपर्यंतच जमते.

चौथा टेकू म्हणजे बाईचे हात. गाळ्यातल्या एकट्या पुरुषांना जेवू घालणारी खाणावळवाली ही गिरणगावाची खरी अन्नपूर्णा. वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक चुलीवर करायचा, आणि पैसे महिन्याने पगार झाल्यावर घ्यायचे. म्हणजे गिरणीमालकाने थकवलेल्या पगाराची उधारी अखेर तिच्या चुलीवर येऊन बसे. ती भागवण्यासाठी ती वाण्याकडे आणि सावकाराकडे जाई. या बाया व्यापार करतात, त्यांना बँकेचे कर्ज मिळाले पाहिजे, ही साधी गोष्ट ध्यानात यायला १९७५ साल उजाडावे लागले. त्या साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, आणि खाणावळवालीचे नाव पहिल्यांदा बँकेच्या खातेवहीत चढले.

याखेरीज कित्येक बाया स्वतः गिरणीत होत्या. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे दर पाच कामगारांत एक स्त्री असे. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक मांडले, ते नामंजूर झाले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात तो प्रश्न पुन्हा आला. तेव्हा डॉ. आंबेडकरांनी अशी भूमिका मांडली की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, आणि स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही त्यात वाटा द्यावा. मुंबईचा कायदा १९२९ साली झाला. या भूमिकेत जो विचार आहे तो मला फार मोलाचा वाटतो. घरातली गोष्ट म्हणून जी बाजूला टाकली जात होती, ती त्यांनी राष्ट्राच्या जमाखर्चात आणून बसवली.

युद्धकाळात महागाई भडकली. १९४० च्या मार्चमध्ये महागाई भत्त्यासाठी गिरण्यांत संप झाला, आणि पुढे किमतींशी जोडलेला भत्ता रूढ झाला. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. रेशनच्या धान्याला आपण नावे ठेवतो, पण रेशनकार्डाने कामगाराच्या घरात एक मोठी गोष्ट केली. वाण्याच्या मर्जीपलीकडे, ठरलेल्या भावाने, हक्काचे धान्य मिळू शकते, हे त्याने पहिल्यांदा दाखवले.

स्वातंत्र्यानंतर दोन मोठे कायदे आले. १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, आणि १९५२ चा प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा. विमा योजना १९५२ च्या २४ फेब्रुवारीला कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली, मुंबईत १९५४ साली आली. आजारपणात जवळजवळ निम्मा पगार आणि औषधपाणी मिळू लागले. मात्र प्रारंभी हे औषधपाणी केवळ कामगाराला होते. बायकामुलांना ते लागू होऊ लागले १९५८ पासून. तोवर मूल तापाने फणफणले तर पुन्हा दारात सावकारच.

फंडाची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पहिल्या सहा उद्योगांत कापड गिरण्या होत्या, आणि कामगाराची वर्गणी ठरली सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे एक आणा. मालकाने तेवढाच घालायचा. तीस वर्षांपूर्वी जो कर्जाच्या रुपयावरचा एक आणा सावकाराच्या खिशात जात होता, तसाच एक आणा आता पगारातून कामगाराच्या स्वतःच्या खात्यावर जमू लागला, आणि त्याच्या जोडीला दुसरा येऊ लागला. माणूस तोच, खोली तीच, व्यसनेही बहुधा तीच. बदलला होता तो फक्त कायदा. जे लोक म्हणत होते की कामगाराला बचतीचे वळणच नाही, त्यांना यापेक्षा अधिक स्वच्छ उत्तर इतिहासात सापडणार नाही.

पण या सगळ्या हक्कांच्या दाराशी हजेरीपट ठेवलेला होता. ज्याचे नाव कायम कामगार म्हणून लागले, त्याला सारे. बदली कामगार रोज सकाळी फाटकावर उभा राही. कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. महिन्याचे किती दिवस भरतील याचा त्याला भरवसा नसे, आणि भरलेल्या दिवसांवरच पुष्कळ लाभ अवलंबून असत. खाणावळवालीला यातले काहीच नव्हते. आणि गिरणीतच काम गेले तर काय, याचे पुरेसे उत्तर तर कोणत्याच कायद्यात नव्हते.

ते उत्तर नसल्याचा अनुभव गिरणगावाला १८ जानेवारी १९८२ पासून आला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपाचे बरेवाईट यावर येथे पुष्कळ व्याख्याने झाली असतील, मी फक्त घरात काय झाले तेवढे सांगतो, कारण त्या घरांत आमचे एक होते. वडील साचेखात्यात होते. पहिले चार महिने वाण्याने उधारी चालवली, पुढे त्याने हात जोडले. तांब्यापितळेची भांडी एकेक करून गेली. आईने शिवणकाम धरले, थोरली बहीण दोन घरची धुणीभांडी करू लागली, आणि मी सातवीतून उठून चहाच्या दुकानात कप विसळायला लागलो. दिवाळीला वडील गावी गेले ते भात कापायला, आणि शिमग्यानंतर परतले. चाळीतल्या बहुतेक बिऱ्हाडांची हीच कथा होती. चारही टेकू एकाच वेळी ताणले गेले, आणि बहुतांश जागी ते मोडले. कित्येकांना पुन्हा कामावर घेतलेच नाही. काहींनी फंडाचे पैसे उचलून कर्ज फेडले आणि रिकाम्या हाताने गाव गाठले.

गावी तरी काय होते? येथे एका गोष्टीचा अभिमानाने उल्लेख केला पाहिजे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य, ही त्यातली प्रतिज्ञा. तिच्यासाठी पैसा उभारायला १९७५ पासून व्यवसाय कर बसवला गेला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापून दुष्काळी भागातल्या बाईच्या हाताला काम द्यायचे. ज्या गावाने शंभर वर्षे शहराच्या कामगाराला फुकट पोसले, त्या गावाचे देणे शहराने थोडेसे फेडले ते असे. पगारपत्रकावरच्या त्या लहानशा रकान्याविषयी कुरकुर करणाऱ्यांना मी हा इतिहास नेहमी सांगतो.

आता आजच्या दिवसाविषयी थोडेसे. आज मी ज्यांच्यात काम करतो ते कंत्राटी सफाई कामगार, इमारतींचे पहारेकरी, दारोदार डबे आणि सामान पोचवणारी मुले. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, परंतु बदली कामगार गेला नाही. त्याला आता यंत्रावरून हुकूम सुटतो, एवढाच फरक. अशा कामगारांचा नामनिर्देश २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदा आला, हे स्वागतार्हच आहे. पण १८८४ ते १९२३ आणि १८८४ ते १९३६ हा प्रवास ज्याने वाचला आहे, तो नामनिर्देशाने हुरळून जात नाही. मधली वर्षे किती, हे तो विचारतो.

निवृत्तांचे पाहा. कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून आली. ज्याची नोकरी १९८२ च्या संपातच संपली, त्याला तिचा उपयोग नव्हता. पुढे किमान पेन्शन ठरली ती २०१४ साली, महिना एक हजार रुपये. निराधारांसाठी १९८० पासून चालत आलेल्या राज्याच्या अनुदानाची रक्कम २०२३ साली महिना दीड हजार झाली. धान्य माणशी पाच किलो, आणि २०२३ पासून ते मोफत. या गोष्टी क्षुल्लक आहेत असे मी म्हणणार नाही. पाच किलो धान्याचा अर्थ ज्याने वाण्यापुढे मान खाली घातली आहे त्यालाच कळतो. परंतु हजार-दीड हजारात म्हातारपण निघते, असे मानणारा माणूस महिनाभर बाजाराला गेलेला नसतो.

अशा रकमांचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, लोकांना फुकटाची सवय लागेल. दुसरे म्हणतात, आमच्या आईने बघा किती काटकसरीने संसार केला. पहिल्यांना माझे सांगणे असे की, शंभर वर्षे फुकट मिळाले ते मालकाला आणि शहराला, आणि ते दिले गावाने आणि बाईने. दुसऱ्यांचे दुःख मला ठाऊक आहे, कारण माझ्या आईनेही तसाच संसार केला. पण काटकसरीचा गौरव करताना आपण जपून असावे. आपल्या आया अर्धपोटी राहिल्या, त्याला सद्गुण म्हणून मोकळे होणे हे ज्यांनी मजुरी कमी दिली त्यांच्या फार सोयीचे आहे. काटकसर ही तिची शहाणीव होती खरी, पण ती करावी लागली हा तिच्यावरचा अन्याय होता. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नयेत.

तेव्हा इतिहासाकडून मी शिकलो ते तीन प्रश्नांत सांगतो. कोणतीही योजना पुढे आली की विचारावे, हा पैसा हक्काचा आहे की मर्जीचा? तो वेळेवर मिळतो का, की येईपर्यंत घर व्याजात बुडते? आणि ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याच्यापर्यंत तो पोचतो का? लोखंड्यांच्या सभेतल्या साडेपाच हजार माणसांनी, त्यांच्यापैकी पुष्कळांना अक्षरओळख नसतानाही, नेमके हेच विचारले होते. त्यांच्या मागण्या आपण वाचाव्यात आणि आजच्या पगारपत्रकाशेजारी ठेवून पाहाव्यात.